मोटारीच्या दारातला विजेचा रांजण

सौर पंपाची मोटार विहिरीत किंवा बोअरमध्ये असते, पॅनेल बांधावर उभी असतात आणि या दोघांच्या मध्ये खांबाला अडकवलेली एक पेटी असते. सांगली जिल्ह्यातल्या जत, आटपाडी, कवठेमहांकाळ तालुक्यांत आणि साताऱ्याच्या माण-खटावमध्ये अशा पेट्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. शेतकरी तिला कंट्रोलर म्हणतात. पॅनेल पुसली जातात, मोटार वर काढून तपासली जाते. पेटी मात्र सहसा कोणी उघडत नाही. तिच्या आत प्लॅस्टिकच्या वेष्टनातली काही उभी नळकांडी असतात आणि त्यांच्या आसपास तांदळाच्या दाण्याएवढे, काही तर तिळाएवढे, तपकिरी ठोकळे सांडल्यासारखे बसवलेले असतात. ही सगळी कपॅसिटरची मंडळी.

पंख्याचा ‘कंडेन्सर’ सगळ्यांना माहीत आहे. पेटीतले कपॅसिटर त्याचेच भाऊबंद, पण त्यांचे काम निराळे. मोटार फिरवण्यात त्यांचा थेट हात नसतो. तरीही ते कमी पडले, चुकीच्या जागी बसले किंवा उन्हाने वाळले, तर चांगली मोटार आणि चांगली पॅनेल असूनही पंप अडखळतो. कधी पेटीतले महागडे स्विचच जळून जातात. असे का होते हे समजायला विजेबद्दलची एक रूढ समजूत बाजूला ठेवावी लागते. तार जोडली की वीज हवी तेव्हा, हवी तेवढी आणि त्याच क्षणी मिळते, ही ती समजूत.

सेकंदाला हजारो वेळा उघडझाप

कृष्णाकाठाला मोटार आणि पंप नवे नाहीत. औंध संस्थानच्या पाठबळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि १९२६ मध्ये तिथल्या कारखान्याने पंप बनवला. पुढे गावोगावच्या सहकारी उपसा संस्था आल्या, मग ताकारी, म्हैसाळ आणि टेंभूसारख्या मोठ्या योजना आल्या. शेतातल्या मोटारीचे चालू होणे मात्र वर्षानुवर्षे साधेच राहिले. स्टार्टरचे हिरवे बटण दाबायचे, खांबावरून आलेली तीन फेजची वीज थेट मोटारीत जायची आणि मोटार आपल्या ठरलेल्या वेगाने फिरायची.

सौर पॅनेलची वीज अशी नसते. ती एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी असते. तिच्यावर तीन फेजची मोटार चालवायची तर ती वीज तुकड्यातुकड्यांनी, ठरलेल्या क्रमाने मोटारीच्या तीन गुंडाळ्यांना वाटून द्यावी लागते. हे वाटपाचे काम करणाऱ्या सर्किटला मोटार ड्रायव्हर म्हणतात. तीन फेजसाठी त्यात मुख्यतः सहा इलेक्ट्रॉनिक स्विच असतात आणि ते सेकंदाला काही हजार ते वीस हजार वेळा उघडझाप करतात. स्विच किती वेळ चालू ठेवायचा आणि किती वेळ बंद, यावर मोटारीचा वेग ठरतो. ऊन कमी झाले की पंप बंद न पडता हळू चालतो, तो या वाटपामुळेच. इलेक्ट्रिक स्कूटर, द्राक्षबागेवर फवारणी करणारा ड्रोन, विद्यार्थ्यांनी बनवलेली रोबोटची गाडी या सगळ्यांत हाच प्रकार असतो. आकार आणि व्होल्टेज तेवढे बदलते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मोटारीच्या गुंडाळीतला प्रवाह बऱ्यापैकी सलग वाहत असतो. पण पुरवठ्याकडे होणारी मागणी तुटक असते. आता १० अँपिअर, पुढच्या क्षणी शून्य, पुन्हा १०. चालू स्थितीतून बंद स्थितीत जायला या स्विचना सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग पुरतो. मागणी इतक्या वेगाने वरखाली होत असेल, तर पुरवठ्याने तिच्याबरोबर धावायचे कसे?

तारेलाही जडपणा असतो

लांबच्या पाइपलाइनने पाणी उचलणाऱ्या शेतकऱ्याला याचे उत्तर अर्धे माहीत असते. मोटार चालू केली की पाणी लगेच टोकाला येत नाही. पाइप भरलेला असला तरी आतल्या पाण्याच्या लांब खांबाला गती घ्यायला वेळ लागतो. उलट, भर वेगात पाणी चाललेले असताना अचानक लाइट गेली, की वाहते पाणी एकदम थांबू शकत नाही. ते मागे फिरते, व्हॉल्व्हवर आदळते, आणि कधी कधी पाइप फुटतो. पाण्याला वजन आहे, म्हणून त्याला जडपणा आहे.

विजेच्या प्रवाहालाही असाच एक जडपणा असतो. प्रवाह वाहताना तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. प्रवाह वाढवायचा तर ते क्षेत्र वाढवावे लागते आणि त्याला ऊर्जा आणि वेळ लागतो. प्रवाह तोडायचा तर त्या क्षेत्रात साठलेली ऊर्जा कुठेतरी जावी लागते. या गुणधर्माला प्रवर्तकता म्हणतात. गुंडाळीत ती जास्त असते, पण सरळ तारही तिच्यातून सुटत नाही.

पॅनेलपासून पेटीपर्यंत १० मीटर जोडतार असेल तर तिची प्रवर्तकता ढोबळमानाने १० मायक्रोहेन्री धरता येते. या तारेतून सेकंदाच्या एक कोटीव्या भागात १० अँपिअरचा प्रवाह सुरू करायचा असेल, तर त्यासाठी तारेच्या दोन टोकांत १००० व्होल्टचा फरक लागेल. शेतपंपाच्या पॅनेलची ओळ चालू स्थितीत साधारण त्याहून कमी व्होल्टेज देते. म्हणजे तेवढ्या वेळात तो प्रवाह तारेतून येतच नाही. स्विच उघडलेला आहे, मोटार मागते आहे आणि वीज अजून वाटेत आहे, अशी ही अवस्था.

पॅनेलची आणखी एक मर्यादा आहे. खांबावरच्या विजेतून किंवा बॅटरीतून क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढता येतो. पॅनेलचे तसे नाही. तिची दोन टोके थेट जोडली तरी ती नेहमीच्या प्रवाहापेक्षा थोडासाच जास्त प्रवाह देते. ऊन जेवढे, तेवढाच प्रवाह. त्यामुळे सौर पंपात तारेचा जडपणा आणि पॅनेलची मर्यादा या दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

कोयनेची उल्लोळ विहीर

हाच प्रश्न सातारा जिल्ह्यात फार मोठ्या प्रमाणावर, पाण्याच्या रूपात, सोडवलेला आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयातले पाणी पाटण तालुक्यातल्या नवजाजवळून डोंगराच्या पोटात शिरते आणि सुमारे पावणेचार किलोमीटरच्या बोगद्यातून पुढे जाते. मग ते उभ्या उतारावरच्या दाबाच्या भुयारांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला, पोफळीच्या भूमिगत वीजघरात उतरते. १९६२ मध्ये इथली पहिली वीज मिळाली.

वीजघरातल्या टर्बाइनला अचानक जास्त पाणी हवे झाले, तर पावणेचार किलोमीटर बोगद्यातले पाणी क्षणात वेग घेऊ शकत नाही. टर्बाइन अचानक बंद केले, तर तेच पाणी क्षणात थांबूही शकत नाही, आणि त्याचा धक्का भुयाराला झेपणार नाही. म्हणून बोगदा संपतो आणि उतार सुरू होतो त्या ठिकाणी डोंगरात एक उभी विहीर आहे. तिला उल्लोळ विहीर म्हणतात. मागणी वाढली की आधी या विहिरीतले पाणी खाली जाते आणि तेवढ्यात बोगद्यातले पाणी वेग घेते. मागणी थांबली की बोगद्यातून येणारे जास्तीचे पाणी विहिरीत वर चढते आणि धक्का विरून जातो.

मोटार ड्रायव्हरमधला डीकपलिंग कपॅसिटर ही विजेची उल्लोळ विहीर आहे. दोन धातूच्या पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये वीज न वाहू देणारा पातळ थर, एवढीच त्याची मूळ रचना. पट्ट्यांवर विद्युतभार साठतो, गरज पडली की परत मिळतो. स्विच उघडताच पहिला प्रवाह या जवळच्या साठ्यातून जातो. तो थोडा रिकामा होतो, आणि लांबच्या तारेतून संथपणे येणारा प्रवाह त्याला पुन्हा भरतो. मोटारीला तुटक मागायची मुभा राहते आणि तारेला सलग द्यायची.

‘डीकपलिंग’ या नावातही हाच अर्थ आहे. कपलिंग म्हणजे जोडणी, डीकपलिंग म्हणजे फारकत. घरात एकाच नळजोडणीवर दोन तोट्या असतात. एक सोडली की दुसरीची धार बारीक होते. सर्किटमध्येही एकाच पुरवठ्यावर स्विच, मोटारीचा वेग मोजणारा भाग आणि सगळ्याचे नियंत्रण करणारी छोटी चिप हे सगळे जगत असतात. एकाच्या ओढाताणीचा त्रास दुसऱ्याला होऊ नये, म्हणून ज्याच्या त्याच्या दाराशी वेगळा साठा ठेवायचा. कोयनेसारखी एकच मोठी विहीर मात्र इथे पुरत नाही.

रांजण आणि तांब्या

नळाला दोन दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात मोठा रांजण किंवा टाकी असते, पण तोंड धुवायला कोणी रांजण उचलत नाही. त्यासाठी हाताशी तांब्या असतो. मोटार ड्रायव्हरमध्येही साठा असाच दोन-तीन पायऱ्यांचा असतो.

मोठी नळकांडी म्हणजे रांजण. हे बहुधा इलेक्ट्रोलायटिक जातीचे कपॅसिटर असतात. थोड्या जागेत ते पुष्कळ विद्युतभार साठवतात. किती हवा, याचा हिशेब सोपा आहे. १० मायक्रोसेकंद ५ अँपिअर द्यायचे आहेत आणि तेवढ्यात व्होल्टेज अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडू द्यायचे नाही, तर ५ गुणिले १० भागिले अर्धा, म्हणजे १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. प्रत्यक्षात त्याहून बराच मोठा घेतात. कारण मोटार थांबताना उलटी ऊर्जाही याच साठ्यात येते. फिरती मोटार ब्रेक लावला की काही क्षण जनित्रासारखी वागते आणि तिची वीज पुरवठ्याकडे परत फिरते. स्कूटरची बॅटरी ती पोटात घेते. साध्या पॉवर सप्लायला किंवा पॅनेलला ती परत घेता येत नाही, आणि मग कपॅसिटरवरचे व्होल्टेज चढत जाते.

पण रांजणाचा स्वतःचाही थोडा जडपणा असतो. त्याच्या आतली लांब गुंडाळलेली पट्टी, त्याचे पाय, बोर्डावरची वाट यांची मिळून प्रवर्तकता होते आणि आत थोडा रोधही असतो. म्हणून एक कोटीव्या सेकंदाची घाई त्याला झेपत नाही. ती घाई सिरॅमिक जातीचे बारीक ठोकळे सांभाळतात. ते साठवतात थोडे, पण देतात तत्काळ. मोठ्या व्होल्टेजच्या ड्रायव्हरमध्ये मधल्या पायरीला फिल्म जातीचे चौकोनी कपॅसिटरही असतात.

तांब्या हाताशी नसेल तर त्याचा उपयोग नाही, हे इथे अगदी शब्दशः खरे आहे. स्विचला उघडझाप करायला लावणाऱ्या छोट्या चिपला गेट ड्रायव्हर म्हणतात. त्याला सेकंदाच्या पाच कोटीव्या भागात २ अँपिअरचा झटका द्यावा लागतो असे समजू. तार किंवा बोर्डावरची वाट दर सेंटिमीटरला साधारण १० नॅनोहेन्री प्रवर्तकता आणते. कपॅसिटर जाण्यायेण्याच्या वाटेने १० सेंटिमीटर लांब असेल, तर त्या झटक्यात वाटेवरच १० व्होल्ट खर्च होतात. गेट ड्रायव्हरचा पुरवठा बहुधा १२ किंवा १५ व्होल्टचा असतो. त्यातले १० वाटेत गेले तर उरले काय? तोच कपॅसिटर एका सेंटिमीटरवर बसवला तर वाटेत जातो फक्त १ व्होल्ट. कपॅसिटर तोच, किंमत तीच. फरक पडला तो जागेचा.

म्हणूनच महाविद्यालयीन प्रकल्पांत वर्षानुवर्षे वापरल्या जाणाऱ्या एल२९८ या मोटार ड्रायव्हर चिपच्या माहितीपत्रकात १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या ग्राउंडच्या पायाला जमेल तितका जवळ लावा, असे स्पष्ट बजावलेले आहे. आकृतीत कपॅसिटर कुठेही काढला तरी सर्किट बरोबरच दिसते. बोर्डावर तसे नसते.

साठा कमी पडला तर

परिणाम नेहमी धूर निघण्याइतके ठळक नसतात. पहिला परिणाम बहुधा गोंधळात टाकणारा असतो. मोटार जोर लावते त्या क्षणी पुरवठ्याचे व्होल्टेज घसरते आणि नियंत्रण करणारी चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पंप चालू होतो, दोन क्षण गुरगुरतो, बंद पडतो, पुन्हा चालू होतो. मोटार सुटी करून तपासली तर निर्दोष, पुरवठा मीटरने मोजला तर पुरेसा. साधा मीटर सरासरी दाखवतो. सेकंदाच्या लाखाव्या भागातली घसरण त्याला दिसत नाही. ती पाहायला ऑसिलोस्कोप लागतो.

दुसरा परिणाम स्विचवर होतो. गेट ड्रायव्हरचा पुरवठा घसरला तर स्विच पूर्ण उघडत नाही. अर्धवट उघडलेल्या स्विचमधून प्रवाहही जातो आणि त्याच्यावर व्होल्टेजही राहते, म्हणून तो भराभर तापतो. बऱ्याच गेट ड्रायव्हरमध्ये पुरवठा ठरावीक पातळीखाली गेला की स्वतः बंद होण्याची सोय असते, ती यासाठीच.

तिसरा परिणाम घसरणीचा नाही, उसळीचा. स्विच बंद झाला तरी लांब तारेतला प्रवाह थांबायला तयार नसतो. तो पुढे येतच राहतो आणि व्होल्टेज चढवतो. थ्रीडी प्रिंटर आणि छोट्या यंत्रांत वापरली जाणारी ए४९८८ ही स्टेपर मोटारीची चिप ३५ व्होल्टपर्यंत सहन करते. तिच्या बोर्डावर सिरॅमिक कपॅसिटर असतात. पुरवठ्याच्या तारा लांब असतील तर वीज जोडतानाची उसळी १२ व्होल्टच्या पुरवठ्यावरही ३५ व्होल्ट ओलांडू शकते आणि चिप पहिल्याच जोडणीत मरू शकते. त्यावर उपाय म्हणून बोर्डाजवळ निदान ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर जोडायला सांगतात. इथे त्याचा आतला रोध उपयोगी पडतो. उल्लोळ विहिरीतले पाणी जसे काही वेळ वरखाली हेलकावे खाऊन घर्षणाने शांत होते, तसे विजेचे हेलकावे या रोधात विरतात. नुसते जलद कपॅसिटर लावले तर हेलकावे जास्त वेळ टिकतात. म्हणून रांजण आणि तांब्या दोन्ही हवेत.

चौथा परिणाम शेजाऱ्यांना भोगावा लागतो. तुटक प्रवाह लांब तारेतून फिरू लागला की ती तार अँटेनासारखी वागते. रेडिओ खरखरतो, जवळच्या सेन्सरचे आकडे नाचतात. प्रवाहाचे वर्तुळ जेवढे लहान, तेवढा हा उपद्रव कमी.

मिरजेला १८९४ मध्ये डॉ. विल्यम वान्लेस यांनी रुग्णालय सुरू केले आणि पुढे हे शहर रुग्णसेवेचे मोठे केंद्र झाले. आजच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात मोटारी रुग्णाच्या उशाशी असतात. औषध थेंबाथेंबाने ढकलणाऱ्या सिरिंज पंपात छोटी स्टेपर मोटार असते, व्हेंटिलेटरमध्ये हवा ढकलणारा पंखा असतो, डायलिसिसच्या यंत्रात रक्त फिरवणारा पंप असतो. त्याच खोलीत हृदयाचे क्षीण संकेत टिपणारा ईसीजी मॉनिटरही चालू असतो. मोटार चालू होताना यंत्राची चिप अडखळू नये आणि शेजारच्या यंत्राच्या रेषा बिघडू नयेत, ही तिथे सोयीची नाही, सुरक्षेची बाब आहे. म्हणून वैद्यकीय उपकरणांसाठी आयईसी ६०६०१-१-२ हे वेगळे आंतरराष्ट्रीय मानक आहे. आपण किती उपद्रव करतो आणि बाहेरचा किती सोसतो, या दोन्ही कसोट्यांवर उपकरणाला उतरावे लागते. त्या परीक्षेची तयारी बोर्डावरच्या या तिळाएवढ्या ठोकळ्यांपासून सुरू होते.

ऊन लागले की साठा आटतो

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या आत एक द्रव असतो. तापमानाने तो हळूहळू वाळतो, साठवण कमी होते, आतला रोध वाढतो. रोध वाढला की कपॅसिटर स्वतःच जास्त तापतो आणि आणखी लवकर वाळतो. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, हा या धंद्यातला ढोबळ नियम आहे. माणदेशात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. थेट उन्हातली बंद पेटी आतून बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गरम असते. तिच्यावर सावलीचे छोटे छप्पर असणे, ती पॅनेलच्या सावलीत बसवलेली असणे आणि मागचे उष्णता सोडणारे पाते धुळीने न भरणे, हे कपॅसिटरचे आयुष्य वाढवण्याचे बिनखर्चाचे मार्ग आहेत. नळकांड्याचा माथा फुगला असेल किंवा बुडाशी चिकट डाग असेल, तर तो संपत आल्याची खूण समजतात.

सिरॅमिक कपॅसिटर वाळत नाहीत, पण त्यांची एक खोड आहे. त्यांच्यातल्या बऱ्याच जातींवर व्होल्टेज वाढवत गेले की साठवण घटते. नोंदलेल्या कमाल व्होल्टेजच्या जवळ ती निम्म्याहूनही खाली जाऊ शकते. कागदावरचा आकडा बघून घेतलेला कपॅसिटर चालू सर्किटमध्ये अर्धाच भरतो, तो यामुळे.

डीपीखालच्या पंपाचा कपॅसिटर वेगळा

खांबावरच्या विजेवर चालणाऱ्या कृषिपंपांना कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण नेहमी करत असते. तो कपॅसिटर आणि हा डीकपलिंग कपॅसिटर एक नव्हेत, पण विचार सारखाच आहे. मोटारीला चुंबकीय क्षेत्र उभे करायला काही प्रवाह लागतो. तो प्रत्यक्ष काम करत नाही, नुसता पुरवठ्याकडे येजा करतो. मोटारीजवळ कपॅसिटर असेल तर ही येजा मोटार आणि कपॅसिटर यांच्यातच होते, डीपीपर्यंतची तार मोकळी राहते. ५ अश्वशक्तीच्या पंपाला साधारण २ केव्हीएआरचा कपॅसिटर लावतात. त्यामुळे पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९५ वर गेला, तर तारेतला प्रवाह सुमारे १६ टक्क्यांनी आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज सुमारे २९ टक्क्यांनी घटते. शेवटच्या पंपाला मिळणारे व्होल्टेज सुधारते.

ऑटोस्विचचा प्रश्न मात्र या कपॅसिटरने सुटत नाही. लाइट येताच डीपीवरचे सगळे पंप एकदम सुरू होतात, प्रत्येक मोटार चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि रोहित्रावर भार कोसळतो. म्हणून ऑटोस्विच काढा हे आवाहनही वेगळे करावे लागते.

या दोन कपॅसिटरमधला फरक न ओळखल्यास नुकसान होते. विजेवर चालणारी जुनी मोटार सौर कंट्रोलरवर घेताना स्टार्टरमधला कपॅसिटर काढून टाकायला हवा. कंट्रोलरच्या आत, पुरवठ्याच्या बाजूला असलेला कपॅसिटर स्विचचा मित्र असतो. कंट्रोलरनंतर, मोटारीच्या बाजूला लावलेला तोच कपॅसिटर स्विचचा शत्रू ठरतो. कारण प्रत्येक उघडझापीला स्विचला तो रिकामा रांजण एका झटक्यात भरावा लागतो.

पेटी उघडण्याआधी

शेवटी एक गोष्ट जिवाची. पेटीतल्या मोठ्या कपॅसिटरमधली वीज पंपाला फार वेळ पुरत नाही. १००० मायक्रोफॅरडच्या साठ्यात ५०० व्होल्टला १२५ ज्यूल ऊर्जा असते. ४ किलोवॅटचा पंप ती सेकंदाच्या तीन शतांश भागात संपवेल. पण माणसाच्या शरीरातून गेली तर ती प्राण घेऊ शकते. स्विच बंद केला तरी हा साठा काही मिनिटे टिकू शकतो, आणि दिवसा उजेडात पॅनेल तर बंद करताच येत नाहीत. म्हणून पेटी स्वतः उघडू नये. दुरुस्ती करणाऱ्यानेही पॅनेलची जोडणी तोडल्यावर पेटीवर लिहिलेला वेळ थांबावे, मीटरने व्होल्टेज उतरल्याची खात्री करावी आणि मगच हात घालावा.

पेटीच बदलायची वेळ आली तर वॉरंटीबरोबर आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. ती किती तापमानापर्यंत चालण्यासाठी बनवलेली आहे आणि पॅनेलपासून तिचे अंतर किती चालते. दुरुस्तीत कपॅसिटर बदलला जात असेल, तर त्याचे मायक्रोफॅरड, त्याचे व्होल्टेज आणि त्यावर छापलेले १०५ अंशांसारखे तापमान, हे तिन्ही जुन्याइतके किंवा त्याहून सरस आहे ना, हे पाहावे. आणि नवा कपॅसिटर जुन्याच्याच जागी बसवून घ्यावा, लांब तारा काढून बाजूला लटकवलेला नको. त्या वाढीव तारेतच त्याचा अर्धा उपयोग संपतो.